कॅज्युअल्टीतलं घड्याळ

नर्सेसच्या ट्रेनिंगला गेले की मी सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, ‘‘तुमच्या कॅज्युअल्टीचं काम चांगलं चाललंय की नाही, हे तुम्हाला कशावरून कळतं?’’

प्रश्न साधा, पण वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘‘मॅडम, कंप्लेंट आली नाही म्हणजे चांगलं.’’ दुसरी म्हणते, ‘‘नाइटला डेथ झाली नाही म्हणजे चांगलं.’’ मागच्या बाकावरून एखादी हळूच म्हणते, ‘‘आरएमओ ओरडले नाहीत म्हणजे!’’ सगळ्या खळखळून हसतात. मग मी विचारते, ‘‘तुमच्या डिपार्टमेंटचे इंडिकेटर्स कुठले?’’ आता हसू थांबतं. ‘‘ते क्वालिटीच्या मॅडमकडे असतं. त्यांची फाइल आहे.’’

हे उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकलंय, की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र वाटतं. कारण त्या फाइलमधला प्रत्येक आकडा या मुलींच्याच हाताने लिहिलेला असतो. पेशंट दारात किती वाजता आला, डॉक्टरांनी किती वाजता पाहिला, ईसीजी कधी निघाला, वॉर्डात कधी गेला, हे सगळं लिहिणारी सिस्टर. पण त्या लिहिण्यातून पुढे काय निघतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पीठ दळायचं हिने, आणि भाकरी कशी झाली ते हिला कळायचंच नाही!

मी स्वतः बावीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली. तिथे महिन्याच्या शेवटी एक कारकून यायचा आणि आमची रजिस्टरं घेऊन जायचा. चार दिवसांनी ती परत यायची. मधल्या काळात त्यातून काय काढलं, कुणाला दाखवलं, हे विचारायची पद्धतच नव्हती. एकदा मी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘‘सिस्टर, तुम्ही पेशंट बघा.’’ आता बोला!

तुम्ही म्हणाल, हा तुमच्या नोकरीतला विषय, आमच्या पुरवणीत कशाला? सांगते. कारण कॅज्युअल्टीच्या दारात कधी ना कधी आपण सगळ्याच उभ्या राहतो. सासऱ्यांना घेऊन, मुलाला घेऊन, कधी स्वतःच. आणि हे आकडे आपल्याच जिवाचे असतात.

आधी हे आकडे असतात तरी कसले, ते बघू.

पहिला आकडा दहा मिनिटांचा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी दारात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा, असा जगभर मानला गेलेला दंडक आहे. हृदयविकाराचा मोठा झटका असेल तर पुढची घड्याळं त्या कागदावरूनच सुरू होतात. अँजिओप्लास्टीची सोय असेल, तर पेशंट आल्यापासून दीड तासात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची. ती सोय नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अर्ध्या तासात द्यायचं. आपल्या तालुक्याच्या गावांमध्ये हे इंजेक्शनच पहिला आधार असतं. हृदयाचा स्नायू रक्तावाचून मिनिटामिनिटाला मरत असतो. म्हणून हे मिनिटांचे हिशेब.

दुसरा आकडा पक्षाघाताचा. तोंड वाकडं झालं, हात उचलता येईना, बोलणं अडखळलं, तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. रुग्णालयात आल्यापासून इंजेक्शनपर्यंत एका तासाच्या आत पोचायचं, हे माप. इथे सिस्टर विचारते, ‘‘शेवटचे नीट कधी दिसले होते?’’ नातेवाइकांना वाटतं, ही काय चौकशा करत बसलीय! पण त्या एका उत्तरावर इंजेक्शन द्यायचं की नाही, हे ठरत असतं.

तिसरा आकडा बहात्तर तासांचा. तपासून, गोळ्या देऊन घरी पाठवलेला पेशंट तीन दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत कॅज्युअल्टीत आला का? आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणारी ‘एनएबीएच’ ही संस्था २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या यादीत हा आकडा आहे. सगळेच परत येणारे चुकीच्या उपचारामुळे येत नाहीत. कुणाचा आजारच वाढतो, कुणी गोळ्या घेतलेल्या नसतात, कुणाला घरी काय करायचं ते नीट समजलेलं नसतं. पण असे पेशंट मोजले, तरच कारण शोधता येतं.

आणि चौथा आकडा निघून गेलेल्यांचा. कंटाळून न दाखवताच गेलेले, किंवा ‘डामा’ म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न जुमानता सही करून गेलेले. रजिस्टरात ‘ॲब्स्कॉन्डेड’ असा शेरा मारला की आमच्या दृष्टीने विषय संपतो. पण ती बाई का गेली? पैसे नव्हते म्हणून? घरी तान्हं मूल एकटं होतं म्हणून? की तीन तास कुणी तिच्याशी बोललंच नाही म्हणून? हा शेरा म्हणजे खरं तर एक प्रश्न असतो.

आता वाटेल, हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याकडच्या गर्दीत कुठे जमणार? पण रुग्णालयात आकड्यांचा हिशेब मांडून व्यवस्थेला जाब विचारणारी एक मोठी व्यक्ती नर्सच होती! फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातात दिवा घेऊन फिरायच्या, एवढंच आपण शाळेत शिकतो. १८५४ मध्ये त्या क्रिमियन युद्धातल्या जखमी सैनिकांची सेवा करायला स्कुतारीला गेल्या. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरतात, हे त्यांनी पुढे १८५८ मध्ये आकडे मांडून, रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. त्या तिथल्या पहिल्या स्त्री फेलो. दरवर्षी बारा मेला आम्ही त्यांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावतो, शपथ घेतो. पण त्यांची वही मात्र विसरलो.

मग आजच्या सिस्टरला हे का माहीत नसतं? ती आळशी आहे म्हणून नव्हे.

एक कारण भाषेचं. इंडिकेटरची व्याख्या इंग्रजीत, तीही अशी की वाचताना धाप लागावी. ‘अंश काय, छेद काय’ हे मराठीत कुणी फळ्यावर मांडून दाखवलं, तर दहा मिनिटांत समजतं. मी दाखवते, म्हणून सांगते. दुसरं कारण बदल्यांचं. कॅज्युअल्टीत हात बसतो न बसतो तोच मुलीची ड्यूटी आयसीयूत लागते. खासगी रुग्णालयात तर ती वर्ष-दीड वर्षात नोकरीच सोडते. तिसरं कारण म्हणजे आकडे वर जातात, खाली येत नाहीत. मीटिंगला मेट्रन जातात, डॉक्टर जातात, कॉन्फरन्स रूममध्ये आलेख दाखवले जातात. ज्या टेबलावर ती माहिती जन्माला आली, तिथे तो आलेख पोचतच नाही.

आणि चौथं कारण, तपासणीचा दिवस. सरकारी रुग्णालयांसाठी ‘एनक्यूएएस’ नावाची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं २०१३ पासून आहेत. त्यात तपासनीस चार प्रकारे तपासतो. डोळ्यांनी बघतो, कागद बघतो, पेशंटशी बोलतो आणि कर्मचाऱ्यांची मुलाखत घेतो. म्हणजे सिस्टरला काय माहीत आहे, हे मानकांनीच महत्त्वाचं मानलंय. कल्पना किती चांगली! पण होतं काय? तपासणीच्या आधी आठ दिवस झेरॉक्स वाटल्या जातात. ‘‘हे पाठ करा गं.’’ मुली चहा पिता पिता घोकतात. पथक येतं, मुली धडाधड उत्तरं देतात, पथक जातं. महिन्याभराने विचारलं तर पाटी कोरी! परीक्षेपुरतं पाठ केलेलं प्रमेय आणि हे, दोन्ही सारखंच.

ज्या आकड्याचा उपयोग माहीत नाही, तो आकडा मग कसा लिहिला जातो? मी कुठल्याही रुग्णालयात गेले की आधी कॅज्युअल्टी रजिस्टर उघडते आणि वेळांचा रकाना बघते. दहा वाजून पाच, दहा वाजून दहा, साडेदहा, पावणेअकरा. सगळ्या वेळा पाच आणि शून्यावर! जणू पेशंट घड्याळाचा काटा बघूनच दारातून आत येतात. याचा अर्थ एवढाच, की वेळा शिफ्टच्या शेवटी, हॅण्डओव्हरच्या आधी, आठवून लिहिल्यात. त्यात भिंतीवरचं घड्याळ एक वेळ दाखवतं, कॉम्प्युटर दुसरी आणि ईसीजी मशीन तिसरी. एका ठिकाणी तर ईसीजीवरची वेळ पेशंटच्या नोंदणीच्या आधीची होती! पेशंट यायच्या आधीच त्याचा ईसीजी! आम्ही खूप हसलो. पण हसून झाल्यावर मी म्हटलं, ‘‘बायांनो, याच वेळांवरून तुमच्या कामाची सरासरी निघते.’’

आकड्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसते आकडे डोक्यावर बसले की काय होतं, ते इंग्लंडने पाहिलंय. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ‘चार तासांचा’ नियम आला. तातडीच्या विभागात आलेल्या माणसाचा चार तासांत निकाल लागायचा. एक तर घरी, नाही तर वॉर्डात. २००४ च्या अखेरीपासून ९८ टक्के पेशंटच्या बाबतीत हे साधायचं होतं. २०१० मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांवर आणलं. त्याचा फायदा नक्की झाला. स्ट्रेचरवर तासन् तास पडून राहणाऱ्यांची संख्या कमी झाली. पण अभ्यासकांना एक गंमत दिसली. चार तास भरायला शेवटची काही मिनिटं उरली, की अचानक पेशंट भराभर हलायला लागायचे. पेशंटची गरज त्या मिनिटांत बदलत नव्हती. घड्याळाचा धाक वाढत होता.

आणि स्टॅफर्डच्या रुग्णालयात तर फार वाईट झालं. तिथल्या तातडीच्या विभागात हेलेन डॉनेली नावाची नर्स काम करायची. चार तासांचा नियम मोडलेला दिसू नये, म्हणून वेळा खोट्या लिहायला वरिष्ठ सिस्टर सांगतात, असं तिने सांगितलं. तिने एक-दोन नव्हे, शंभराच्या आसपास तक्रारी केल्या. सहकाऱ्यांनी तिलाच धारेवर धरलं. ड्यूटी संपल्यावर रात्री एकटीने गाडीपर्यंत जायचीही तिला भीती वाटायची. पुढे सार्वजनिक चौकशी झाली, रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला. आकडे आणि पैशांचा ताळेबंद सांभाळताना त्या रुग्णालयाला पेशंटचा विसर पडला होता, हे जगासमोर आलं. हेलेनला २०१४ मध्ये ‘ओबीई’ हा सन्मान मिळाला. आणि चार तासांचा नियम? २०१५ च्या जुलैनंतर इंग्लंडला ते ९५ टक्के पुन्हा गाठता आलेले नाहीत.

मॅरिलिन स्ट्रॅथर्न या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये याचं सार मांडलं होतं. माप हेच ध्येय झालं, की ते चांगलं माप राहत नाही. आपल्या घरातलंच उदाहरण घ्या ना. मार्कांसाठी अभ्यास सुरू झाला, की मार्कांवरून मुलाला किती येतं ते कळेनासं होतं!

मग आकडे नकोतच का? तसं नाही. मला वाटतं, फरक इथेच पडतो. ज्या सिस्टरला आकड्याचा अर्थ माहीत नाही, तिला तो चाबूक वाटतो. मग ती घाबरून सोयीची वेळ लिहिते. जिला अर्थ माहीत आहे, तिच्या हातात तो टॉर्च होतो.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. एका छोट्या शहरातल्या रुग्णालयात ती कॅज्युअल्टीची इन-चार्ज. ट्रेनिंगमध्ये दहा मिनिटांच्या ईसीजीचं ऐकून गेली आणि महिनाभर वेळा नीट लिहायला लागली. मिनिटं मोजून, मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे. महिन्याच्या शेवटी सरासरी काढली, तर ठीकठाक दिसत होती. पण तिला काय सुचलं कोण जाणे, तिने पुरुष आणि बायका वेगळ्या केल्या. बायकांच्या ईसीजीला ठळकपणे जास्त वेळ लागत होता.

‘‘मॅडम, मला आधी पटेचना,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘आम्ही कुठे भेदभाव करतो?’’ मग ती दोन दिवस नुसती बघत राहिली. कारण समोरच होतं. पुरुष आला की शर्ट वर केला, ईसीजी सुरू! बाई आली की पदर, ब्लाउज, आजूबाजूला गर्दी. ईसीजी काढणारा मुलगा. तो म्हणायचा, ‘‘सिस्टर आल्यावर काढू.’’ सिस्टर दुसऱ्या पेशंटला सलाइन लावत असायची. पडद्याची खोली एकच, आणि ती ड्रेसिंगसाठी अडलेली. पेशंट बाई स्वतःच म्हणायची, ‘‘राहू द्या, ॲसिडिटीच असेल.’’ बरोबर आलेला नवराही मान डोलवायचा.

आणि मैत्रिणींनो, हृदयविकार बायकांमध्ये पुष्कळदा असाच ‘ॲसिडिटी’च्या वेषात येतो. छातीत दुखणं बायकांमध्येही असतंच. पण त्याच्या जोडीला किंवा कधी त्याच्याऐवजी धाप, मळमळ, घाम, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, एकाएकी आलेला थकवा अशा तक्रारी असतात. म्हणजे आधीच ओळखायला उशीर, त्यात आडोशासाठी उशीर.

उपाय काय केला तिने? मोठी योजना नाही, बजेट नाही. स्टोअरमध्ये पडलेला चाकांचा पडदा बाहेर काढला, धुऊन घेतला आणि ईसीजी मशीनला कायमचा जोडून ठेवला. शिफ्टमधल्या प्रत्येक सिस्टरला, ब्रदरला आणि मावशींनाही ईसीजीचे लीड लावायला शिकवलं. बाईला छातीत, पाठीत, जबड्यात दुखतंय म्हटलं, की जी बाई मोकळी असेल ती पडदा ओढून उभी राहणार. दोन महिन्यांत बायकांच्या वेळा खाली आल्या. वरिष्ठांना हे मीटिंगमध्ये कळलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘आमच्या आलेखात हे कधी दिसलंच नाही.’’ कसं दिसणार? तिथे सगळ्यांची मिळून सरासरी होती. पडदा नाही, हे फक्त टेबलाशी उभ्या असणारीला दिसतं.

म्हणून मी म्हणते, आकडा आणि अनुभव एकाच बाईच्या हातात आले पाहिजेत.

अर्थात, सगळं ओझं सिस्टरच्या पदरात टाकून चालणार नाही. एका सिस्टरच्या वाट्याला एका वेळी किती पेशंट आले, हाही आकडा मोजा ना! तिला बारा तासांत बसायला मिळालं का, शिवीगाळ किती वेळा झाली, तेही लिहा. महाराष्ट्रात रुग्णालयातल्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१० पासून आहे. पण कायद्याच्या पाटीखाली उभी राहून शिव्या खाणारी सिस्टर मी रोज पाहिलीय. आणि त्या रागाच्या मुळाशी बहुतेक वेळा वाट पाहणं असतं. त्याहून जास्त, आपल्याला कुणी काही सांगत नाही ही भावना असते. ‘‘तुमचं बाळ पिवळ्या गटात आहे. लाल गटातला एक पेशंट आत आहे, त्याच्यानंतर तुमचाच नंबर,’’ एवढं एक वाक्य बोललं तरी अर्धा राग उतरतो. लाल म्हणजे आत्ताच, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे किरकोळ. ही विभागणी बाहेर मोठ्या अक्षरात, मराठीत लावायला कितीसा खर्च येतो?

आणि आपण, दारात उभ्या राहणाऱ्यांनी काय करायचं? घरातून निघताना त्रास किती वाजता सुरू झाला, ते कागदावर लिहून घ्या. घाबरल्यावर आठवत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. गंभीर असेल तर रिक्षा शोधत बसण्यापेक्षा १०८ ला फोन करा. दारात पोचल्यावर ‘‘जरा बघा हो’’ असं मोघम न बोलता, ‘‘साडेसहापासून छातीत दुखतंय, घाम येतोय,’’ असं सांगा. पेशंट बाई असेल आणि दुखणं कमरेच्या वरचं असेल, तर ‘‘ईसीजी काढणार ना?’’ असं विचारायला संकोच करू नका. त्यात कुणाचा अपमान नाही. घरी सोडताना ‘‘काय झालं तर परत यायचं?’’ हे विचारून घ्या, आणि समजलं नाही तर पुन्हा विचारा. आणि पेशंटजवळ एकच माणूस थांबा. दहा जणांच्या गर्दीत सिस्टरला मॉनिटरसुद्धा दिसत नाही.

आणि माझ्या सिस्टर मैत्रिणींसाठी एक सांगते. पुढच्या महिन्यात रजिस्टर वर जाईल, तेव्हा इन-चार्जला एवढंच म्हणा, ‘‘यातून जे काही निघेल, त्याची एक झेरॉक्स आम्हाला द्या.’’ ती नर्सिंग स्टेशनमध्ये, चहाच्या थर्मासच्या वर चिकटवा. रोज नजर जाईल. मग एखाद्या दुपारी, गर्दी ओसरल्यावर, कुणीतरी म्हणेल, ‘‘ए, हे एवढं का वाढलंय गं?’’

त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच ठाऊक असतं. आजवर तो कुणी तुम्हाला विचारला नव्हता, इतकंच.